मदत हवी आहे: मसाई मारा, बाबांची यलो फीव्हरची लस आणि मलेरियाच्या गोळ्या

मंडळी, ऑगस्टमध्ये आईबाबांना घेऊन केनियात मसाई मारा अभयारण्यात सफारीला जातोय. बाबा ६८ वर्षांचे, बीपीची गोळी चालू. यलो फीव्हरची लस किमान १० दिवस आधी घ्यावी लागते. दाखला नसेल तर भारतात परतल्यावर ६ दिवसांपर्यंत क्वारंटाइन. पण साठीनंतर या लसीचा धोका वाढतो, म्हणून आमचे डॉक्टर कचरतायत. या वयात कुणी घेतलीय का? की लस न घेता डॉक्टरांचं पत्र दाखवून कुणी परत आलंय? विमानतळावर काय झालं?

मलेरियासाठी डॉक्सीसायक्लिन सुचवलीय. त्यानं ऊन बाधतं म्हणे, आणि आम्ही दिवसभर उघड्या जीपमध्ये! शिवाय परतल्यावरही चार आठवडे घ्यायची. त्याऐवजी ॲटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल ही मलेरियाची दुसरी गोळी पुण्यात कुठे मिळेल? पोटाची काळजी नाही, आईच्या दशम्या सोबत आहेत.