न्यू हॅम्पशायर, २०००: चार मतांचं गणित

प्रश्न: २००० च्या अमेरिकी निवडणुकीत सगळी चर्चा फ्लोरिडाची. न्यू हॅम्पशायर हे छोटं राज्य रिपब्लिकन बुश यांच्याऐवजी डेमोक्रॅट उमेदवार अल गोर यांच्याकडे गेलं असतं, तर फ्लोरिडा हरूनही ते जिंकले असते का?

उत्तर १: हो. अध्यक्ष थेट मतदारांच्या मतांनी नाही, तर राज्यांनी निवडलेल्या प्रतिनिधींच्या मतांनी ठरतो. ही प्रतिनिधी-मतं बुश २७१, गोर २६६ होती. राजधानी वॉशिंग्टनच्या एका प्रतिनिधीनं कोरं मत दिलं होतं. न्यू हॅम्पशायरची ४ मतं फिरवा: बुश २६७, गोर २७०. बहुमताला नेमकी २७०च लागतात. मेन आणि नेब्रास्का ही राज्यं सोडता राज्यात पहिला येणारा तिथली सगळी प्रतिनिधी-मतं नेतो, म्हणून एवढंसं राज्यही निर्णायक ठरतं.

उत्तर २: न्यू हॅम्पशायरमध्ये मतदारांची मतं अशी: बुश २,७३,५५९, गोर २,६६,३४८, फरक ७,२११. ग्रीन पक्षाचे तिसरे उमेदवार राल्फ नेडर यांना २२,१९८; ते नसते तर ही मतं गोर यांना गेली असती, असं म्हटलं जातं. पण ही सगळी मतं गोर यांच्या खात्यात टाकू नका, इथंच हिशेब फसतो. नेडर यांचे सगळे मतदार या दोघांतच वाटले गेले असते, तरी गोर यांना किमान १४,७०५, म्हणजे ६६ टक्क्यांहून जास्त हवे होते. त्यातले काही घरीच बसले असते, हेही धरायला हवं.

उत्तर ३: १९९२ आणि १९९६ ला हे राज्य गोर यांच्याच पक्षाच्या क्लिंटन यांच्याकडे होतं, २००४ ला त्याच पक्षाच्या केरी यांच्याकडे गेलं. २००० मध्ये बुश यांना न्यू इंग्लंडमधलं, म्हणजे ईशान्येकडच्या सहा राज्यांमधलं, हे एकच राज्य मिळालं.