देवळातला ॲम्प्लिफायर तापतो, भोंग्याची युनिटं उडतात : जोडणीत काय चुकतंय?

दगडी_ओसरी
गावच्या देवळातल्या साउंडसाठी सल्ला हवाय. ॲम्प्लिफायर १२० वॉटचा. मागे कॉमन, ४, ८, १६ ओहम, ७० व्होल्ट आणि १०० व्होल्ट अशी टर्मिनलं आहेत. सभामंडपात २० वॉटचे सहा कॉलम (उभे लांबट स्पीकर), ते १०० व्होल्टवर. शिखराजवळ दोन भोंगे, त्यांची युनिटं (भोंग्यामागचा आवाज काढणारा भाग) १६ ओहम ३० वॉटची, दोन्ही पॅरलल करून ८ ओहमवर. भोंग्यांपर्यंत वायर ५० मीटर, १ चौरस मिमी. कीर्तनाला अर्धा तास झाला की आवाज फाटतो आणि ॲम्प्लिफायरला हात लाववत नाही. दोन युनिटं उडाली. २५० वॉटचा नवा घ्या असं सगळे म्हणतात. घ्यावा का?

तांब्याची_तार
घेऊ नका. १०० व्होल्टचं टर्मिनल आणि ८ ओहमचं टर्मिनल हे दोन वेगळे ॲम्प्लिफायर नव्हेत. आत आउटपुट ट्रान्सफॉर्मर एकच, त्याच्या एकाच गुंडाळीतून काढलेले हे टॅप. १२० वॉट कुठल्याही *एका* टॅपवर घ्यायचे, किंवा सगळे टॅप मिळून.

तुमचा हिशेब बघा. १०० व्होल्टवर किमान इम्पीडन्स (एसीला होणारा रोध) म्हणजे व्होल्टचा वर्ग भागिले वॉट : १००००/१२० = ८३ ओहम. २० वॉटचा एक कॉलम ५०० ओहमचा, सहा पॅरलल म्हणजे पुन्हा ८३. झाला पूर्ण लोड. त्यावर ८ ओहमच्या टॅपला दोन १६ ओहम पॅरलल, म्हणजे नेमके ८. हाही पूर्ण लोड. ॲम्प्लिफायर दुप्पट लोड ओढतोय, करंट दुप्पट मागितला जातो, ट्रान्झिस्टर तापणारच.

युनिटं का उडतात तेही यातच आहे. ८ ओहमवर १२० वॉट म्हणजे ३१ व्होल्ट. ५० मीटरची जाऊन-येऊन १०० मीटर तार पावणेदोन ओहमची, तीत जवळपास १८ टक्के जातात. तरी आवाज पूर्ण चढवला की एकेका युनिटवर ४० वॉट पोचतात, वर फाटलेला सिग्नल. ३० वॉटच्या डायफ्रामने (युनिटमधल्या पडद्याने) किती सोसायचं?

ऑन_ऑफ
सोपं करा ना. भोंग्यांच्या लाइनमध्ये ८ ओहम ५० वॉटचा रेझिस्टर सिरीजला टाका, लोड हलका होईल.

तांब्याची_तार
लोड हलका होईल, पण त्या लाइनची निम्मी पॉवर रेझिस्टर तापवण्यात जाईल आणि कॉलमचे ८३ ओहम आहेत तसेच राहतील. हा उपाय नव्हे.

सोल्डर_सिंधू
एलएमटी लावा, म्हणजे लाइन मॅचिंग ट्रान्सफॉर्मर. प्रत्येक भोंग्यामागे एक, सेकंडरीला (भोंग्याच्या बाजूला) १६ ओहमचा टॅप असलेला, प्रायमरीला (लाइनच्या बाजूला) १५ वॉटचा टॅप निवडायचा. दोन्ही भोंगे मग १०० व्होल्टच्या लाइनवरच येतील. ४, ८, १६ ओहमची टर्मिनलं मोकळी ठेवा.

कॉलमही २० वरून १० वॉटवर आणा. मागचं झाकण काढलं की ट्रान्सफॉर्मरच्या पट्टीवर २०, १०, ५ असे आकडे असतात. काहींवर वॉटऐवजी ५००, १०००, २००० ओहम लिहिलेलं असतं, अर्थ तोच. तार त्या त्या खुणेवर हलवून नीट सोल्डर करा, नुसती पिळून ठेवू नका. निम्मी पॉवर म्हणजे ३ डेसिबल कमी, मंडपात बसलेल्याला जेमतेम कळेल.

बेरीज : सहा कॉलम ६० वॉट, दोन भोंगे ३० वॉट, एकूण ९०. १२० च्या ८० टक्क्यांच्या म्हणजे ९६ च्या आत. ओहममध्ये १११, किमान ८३ हवेत. गायकाच्या माइकजवळचे दोन कॉलम ५ वॉटवर ठेवले तर शिट्टीही कमी होईल.

वायर बदलायची गरज नाही. ३० वॉटचा लोड १०० व्होल्टवर ३३३ ओहमचा दिसतो. पावणेदोन ओहमच्या तारेत त्यातलं अर्धा टक्का जातं. जाड केबल विकणाऱ्यांना हे सांगू नका :)

दगडी_ओसरी
सिंधूताई, सगळं पॅरललच ना? आणि पखवाजाच्या धुमेने, म्हणजे खालच्या स्वराच्या ठोक्याने, युनिटं परत जाणार नाहीत?

सोल्डर_सिंधू
हो, पॅरललच. १०० व्होल्टच्या लाइनवर सिरीज कधीच करायची नाही.

धुमेसाठी प्रत्येक एलएमटीच्या प्रायमरीत सिरीजला १ मायक्रोफॅरड, ४०० व्होल्टचा पॉलिएस्टर कपॅसिटर टाका. १५ वॉटचा टॅप ६६७ ओहमचा, त्यामुळे साधारण २४० हर्ट्झच्या खालचं उतरत जातं. भोंगा ते तसंही वाजवू शकत नाही, डायफ्राम मात्र फाटतो. छोटा ट्रान्सफॉर्मरही खालच्या स्वरांना सॅच्युरेट होतो (गाभ्याची चुंबकीय क्षमता संपते), तेही वाचतं.

भोंग्यांच्या लाइनला वेगळा स्विच द्या. रात्री १० ला भोंगे बंद, मंडप चालू. तेवढा लोड निघून गेल्याने ट्रान्झिस्टर ॲम्प्लिफायरला काही होत नाही. (व्हॉल्व्हवाल्याला लोडशिवाय चालवू नका, पण तो तुमच्याकडे नसावा.)

दगडी_ओसरी
मल्टीमीटरने बघितलं. युनिटवर १३ ओहम, कॉलमवर ४५. कॉलम तर ५०० चा म्हणालात?

तांब्याची_तार
मल्टीमीटर डीसी रोध दाखवतो. कॉईलचा इम्पीडन्स एसीला असतो, तो त्याहून जास्त. १६ ओहमच्या युनिटला १३ ठीकच, ८ ओहमचा स्पीकर ६ च्या आसपास दाखवतो. ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीचा डीसी रोध तर इम्पीडन्सच्या पासंगालाही पुरत नाही. मीटर इथे एवढंच सांगतो : ० ते १ ओहम आला तर शॉर्ट, काहीच नाही आला तर तुटलेलं. कपॅसिटर लावल्यावर भोंग्याची लाइन मात्र तुटलेलीच दाखवेल, घाबरू नका.

खरा इम्पीडन्स मोजायचा तर लाइनमध्ये १०० ओहम १० वॉटचा रेझिस्टर सिरीजला लावा. मोबाइलवरून ४०० हर्ट्झचा टोन हलक्या आवाजात सोडा, साध्या मीटरला १ किलोहर्ट्झ नीट मोजता येईलच असं नाही. रेझिस्टरवरचं आणि रेझिस्टरच्या पुढे लाइनवरचं एसी व्होल्टेज घ्या. रेझिस्टरवर २ व्होल्ट आणि लाइनवर २.२ आले, तर १०० × २.२/२ = ११० ओहम. १०० किंवा त्याहून कमी आलं तर कुठेतरी कॉलम २० वर राहिलाय. मोजून झालं की रेझिस्टर काढा, राहिला तर आवाज बसलेला असेल आणि तुम्ही परत इथे धागा काढाल.

ऑन_ऑफ
मग दोन भोंगे एलएमटी न लावता थेट १०० व्होल्टवर टाकले तर?

तांब्याची_तार
१६ ओहमची दोन पॅरलल ८, म्हणजे १००००/८ = १२५० वॉटची मागणी. फ्यूज जाईल, नाहीतर युनिट. रागावू नका, हीच चूक सगळ्यात जास्त बघायला मिळते, कारण बाहेरून दोन तारा सारख्याच दिसतात. म्हणून एलएमटी लावलेल्या भोंग्यावर पक्क्या शाईने '१०० व्ही' लिहून ठेवा.

सोल्डर_सिंधू
एवढं शेवटी. जोडणी ॲम्प्लिफायर बंद करूनच. चढ्या आवाजात लाइनला १०० व्होल्ट असतात, उघड्या टोकाला हात लागला तर झटका बसतो. माइकच्या वायरीबरोबर एकाच पाइपातून ही लाइन नेऊ नका. आणि पहिल्यांदा एकच कॉलम जोडून चालू करा, मग एकेक वाढवा. ज्याच्या जोडणीनंतर आवाज दबेल तिथेच खोट आहे.