काउंट डी बॉइनचं जुनं छापील चित्र : महादजींच्या काळातलं असू शकेल का?

दौलतगंजवाला
ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या वाड्याच्या वाटणीत माझ्याकडे एक फ्रेम आली. काळ्या शाईतलं चित्र : म्हातारा फिरंगी, उंच कॉलरचा कोट, छातीवर पदकं. खाली फ्रेंचमध्ये ‘जनरल, काउंट डी बॉइन’. आजोबा सांगायचे, हे महादजी महाराजांच्या वेळचं. खरंच इतकं जुनं असेल का?

कंपूतले काका
नाही, आणि ते त्या ओळीवरूनच ठरतं. महादजी वानवडीला वारले १७९४ मध्ये. त्यांचा फिरंगी सेनापती डी बॉइन याने हिंदुस्थान सोडला १७९६ मध्ये, आणि सार्डिनियाच्या राजाने त्याला काउंट केलं ते १८१६ मध्ये. म्हणजे छपाई त्यानंतरचीच.

आणि मला वाटतं, खरा डी बॉइन या पदकांमागे झाकला जातो. तो जन्माचा सरदार नव्हे, सव्हॉयमधल्या शांबेरीच्या एका फर-व्यापाऱ्याचा मुलगा. महादजींनी त्याच्यातला कवायती पलटणी उभ्या करणारा माणूस ओळखला. १७९० मध्ये पाटण आणि मेडता, राजपुतान्यातल्या दोन्ही लढाया त्या कंपूंनी, म्हणजे त्याच्या कवायती फौजांनी, मारल्या. त्याची काउंटगिरी उभी राहिली ती शिंद्यांच्या चाकरीत कमावलेल्या पैशावर. ग्वाल्हेरकरांनी हे अभिमानाने सांगावं.

आता छपाई. चित्राबाहेर चौफेर कागद दबून कड उमटलीय का बघा. तांब्याच्या किंवा पोलादाच्या पत्र्यावर कोरलेलं असेल तर ती दिसते, मात्र कागद कापून बसवला असेल तर दिसणार नाही. मग भिंगातून गाल बघा. कोरीव रेषा मध्ये जाड होऊन टोकाला निमुळती होते. सगळीकडे सारख्या अंतरावर ठिपक्यांची जाळी दिसली, तर ते १८८० नंतरच्या पुस्तकातलं किंवा मासिकातलं पान समजा.

जुनीपानं
दादा, एक विनंती. कागद मागच्या पुठ्ठ्याला चिकटला असेल तर ओढू नका, सेलोटेप तर मुळीच लावू नका. काच थेट चित्राला टेकत असेल तर पावसाळ्यात ओल धरून कागद तिला चिकटतो, मध्ये आम्लरहित पुठ्ठ्याची चौकट घालून घ्या. पिवळे डाग घरी धुऊ नका.

दौलतगंजवाला
काका, काचेवरूनच भिंग धरलं. जाळी नाही. गालावर बारीक आडव्या-तिरप्या रेषा, मध्ये जाड, आणि त्यांच्यामध्ये सुटे टिंब. उजव्या कोपऱ्यात नावासारखं काही आहे, पण अर्धं फ्रेमखाली गेलंय.

कंपूतले काका
मग कोरीवच! उजवीकडे बहुधा कोरणाऱ्याचं नाव असतं, डावीकडे मूळ चित्रकाराचं. फ्रेम जाणकाराकडूनच उघडा आणि दोन्ही कोपऱ्यांचे फोटो इथे टाका.