राष्ट्रीय लीगचा इतिहास २०१४ पासून मोजू नका

कूपरेजकर:
काल 'डावा विंगर' यांनी मुंबई सिटी या फुटबॉल क्लबबद्दल लिहिताना ठोकून दिलं की २०१४ आधी, म्हणजे इंडियन सुपर लीग (आयएसएल) येण्याआधी, भारतात धड लीगच नव्हती आणि मुंबईला देशाचं पहिलं विजेतेपद २०२१ मध्ये मिळालं. वाचून डोकं फिरलं, म्हणून वेगळा धागा काढतोय.

राष्ट्रीय फुटबॉल लीग १९९६-९७ ला सुरू झाली. पहिला विजेता फगवाड्याचा जेसीटी, आणि सगळ्यात जास्त गोल त्यांच्याच बायचुंग भूतियाचे. २००७ मध्ये तिचीच आय-लीग झाली. राष्ट्रीय लीगच्या अकरा हंगामांत कोलकाता आणि गोवा सोडून फक्त दोनच क्लबांनी लीग जिंकली. एक जेसीटी, दुसरा आपला महिंद्रा युनायटेड, २००५-०६, प्रशिक्षक डेरिक परेरा. कोलकात्याचे मोहन बागान आणि ईस्ट बंगाल, गोव्याचा डेम्पो असे संघ जोरात असताना पूर्ण हंगाम खेळून मिळवलेलं विजेतेपद आहे ते. मी त्या वर्षी गॅलरीत होतो. ते कुणी पुसून टाकलेलं मला चालणार नाही.

डावा विंगर:
गॅलरीत तुम्ही होतात, पण शेजारी कोण होतं? आयएसएलच्या पहिल्याच हंगामात सामन्यामागे सरासरी वीस हजारांवर प्रेक्षक आले. तुमच्या लीगचे सामने भर दुपारी, ओस मैदानांवर, टीव्हीवर पत्ता नाही. महिंद्राने २०१० मध्ये संघ गुंडाळला. २०११ मध्ये जेसीटी बंद पडला तेव्हा लीग लोकांपर्यंत पोहोचत नाही, हेच कारण त्यांनी दिलं होतं. पहिला विजेताच असं म्हणून निघून जातो, ती लीग जिवंत होती असं कसं म्हणायचं?

खडकीचा गोली:
जिवंत होती. पुणे एफसी २०१२-१३ ला आय-लीगमध्ये दुसरा आला, बाहेरून आणलेल्या निवृत्त ताऱ्यांशिवाय. मग आयएसएलचा एफसी पुणे सिटी आला आणि जुना क्लब मिटला. २०१९ मध्ये नवाही गेला, त्याची जागा हैदराबादला मिळाली. एका शहराचे दोन्ही क्लब घालवले आणि याला प्रगती म्हणायचं? बालेवाडीचं मैदान तिथेच आहे, फक्त अव्वल लीगमध्ये पाहायला पुण्याचा संघ नाही.

डावा विंगर:
पुणे एफसी पैशाअभावी गेला. त्याचं खापर आयएसएलवर कशाला?

खडकीचा गोली:
२०१० मध्ये भारतीय फुटबॉल महासंघाने पंधरा वर्षांसाठी ७०० कोटींना व्यावसायिक हक्क विकले. विकत घेणाऱ्यांनी स्वतःची स्पर्धा, आयएसएल, काढली, आय-लीगकडे पाठ फिरवली. अशा लीगमध्ये कुठला मालक पैसे घालणार? २०१६ मध्ये डेम्पो, साळगावकर आणि स्पोर्टिंग गोवा हे गोव्याचे तीन क्लब एकदमच आय-लीगमधून बाहेर पडले, ते उगाच नाही.

नोकरीवाला:
तुम्ही सगळे क्लब-क्लब करताय. मुंबईचं फुटबॉल जगवलं ते कंपन्यांच्या संघांनी. २०१३ मध्ये क्लब-परवान्याचे निकष पुरे केले नाहीत म्हणून एअर इंडिया आणि ओएनजीसी आय-लीगबाहेर गेले. त्या दिवशी मुंबईच्या पोरांची नोकरी गेली, त्यावर कुणी धागा काढला नाही. माझ्या काकांना फुटबॉलवर कायमची नोकरी लागली. गुडघा गेला तरी पगार थांबला नाही, निवृत्तीनंतर पेन्शन मिळालं. त्यांचा मुलगा एका व्यावसायिक क्लबात होता. दुखापत झाली, करार संपला, शेवटच्या महिन्यांचे पैसे अजून यायचेत. आता सांगा, कोणतं व्यावसायिक?

कूपरेजकर:
काकांबद्दल आदर आहे, पण एअर इंडियाचा सामना मी पाहिलाय. समोरच्या संघाचा ढोल वाजायचा, यांच्या बाजूला फक्त ऑफिसातली माणसं. चाहता नसलेला संघ लीगमध्ये किती वर्षं ठेवायचा?

नोकरीवाला:
महिंद्रासुद्धा कंपनीचाच संघ होता, साहेब. तो जिंकला की 'आपला', आणि एअर इंडिया ऑफिसवाल्यांचा?

कूपरेजकर:
महिंद्राच्या मागे लोक येत होते. आणि कंपनीचा संघ होता म्हणूनच कंपनीने ठरवलं त्या दिवशी संपला. तुमचाच मुद्दा तुमच्यावर उलटतोय.

नोकरीवाला:
संघ संपला, खेळाडूंचं काय झालं ते विचारा ना! खालिद जमील महिंद्रात खेळला, आय-लीगमधल्या मुंबई एफसीचा प्रशिक्षक झाला, तिथून निघाला आणि २०१६-१७ ला मिझोरामच्या ऐझॉलला आय-लीग जिंकून दिली. आदल्या हंगामात खालच्या श्रेणीत ढकलला गेलेला, मग कसाबसा परत घेतलेला संघ. २०२५ मध्ये तोच भारताचा प्रशिक्षक झाला. मुंबईच्या ज्या फुटबॉलला तुम्ही ओस म्हणता, त्यातलाच माणूस.

डावा विंगर:
ओस मी म्हटलं होतं, त्यांनी नाही. ऐझॉलबद्दल वाद नाही, भारतीय लीगमधली ती सगळ्यात मोठी गोष्ट.

खडकीचा गोली:
आणि ती आय-लीगमध्येच घडू शकली! आयएसएलमध्ये २०२४-२५ पर्यंत खालच्या श्रेणीत जाणंच नव्हतं. त्या हंगामात कोलकात्याचा मोहम्मेडन तळाला राहिला, पुढे काय? काही नाही. वर यायची वाट २०२३ ला पंजाब एफसीसाठी उघडली, खाली जायची तेव्हाही बंदच राहिली. तळाला घसरण्याची भीती नसेल तर हंगामाच्या शेवटच्या सामन्यांना अर्थ काय?

डावा विंगर:
खालच्या श्रेणीत ढकलायचा नियम लागू केला तर निम्मे मालक पळतील. आधी क्लब टिकू द्या.

कूपरेजकर:
२०१४ पासून टिकवताय. २०२५ च्या जुलैत तोच व्यावसायिक हक्कांचा करार संपत आला, नूतनीकरण लटकलं आणि आयोजकांनी नवा हंगामच स्थगित केला. काही क्लबांनी खेळाडूंचे पगार थांबवले. आय-लीग गरीब होती, पण एका करारावर तिचा श्वास अडकला नव्हता.

डावा विंगर:
त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. महिंद्राचं २००५-०६ देतो तुम्हाला, मुंबईचं पहिलं तेच. पण प्रेक्षक आयएसएलने आणले, हे तुम्ही एकदाही कबूल केलेलं नाही.

कूपरेजकर:
आणले. पहिल्या दोन-तीन वर्षांत आणले, नंतरचे आकडे तुम्हीच काढा.

नोकरीवाला:
आणि काकांच्या पोराचे थकलेले पैसे? त्यावर तिघांपैकी एकानेही उत्तर दिलेलं नाही.