जुन्या वस्तीतील बारव : गाळ काढल्यानंतर सांभाळायची कोणी?

प्रश्न (अंबाजोगाई)
आमच्या गल्लीतील दगडी बारवेत (पायऱ्यांच्या जुन्या विहिरीत) निर्माल्य, प्लास्टिक आणि मूर्तींचे अवशेष साचले असून काठावर पिंपळ उगवला आहे. मंडळाची मुले श्रमदानाला तयार आहेत. परंतु स्वच्छ केलेली जागा दोन पावसाळ्यांत पुन्हा उकिरडा होऊ नये, यासाठी परवानगी कोणाची घ्यावी आणि व्यवस्था कशी लावावी?

उत्तर (छत्रपती संभाजीनगर)
नमस्कार. फावडे उचलण्याआधी नगर भूमापन कार्यालयातून मिळकत पत्रिका (जागा कोणाच्या नावावर आहे ते दाखवणारा उतारा) काढा. ही वास्तू केंद्र सरकारच्या 1958 च्या किंवा राज्य सरकारच्या 1960 च्या प्राचीन स्मारक कायद्याखाली संरक्षित असेल, तर पुरातत्त्व खात्याच्या लेखी संमतीशिवाय दगडालाही हात लावू नये. नळदुर्ग किल्ल्याची देखभाल ज्या वैभव संगोपन योजनेतून खासगी संस्थेकडे गेली, ती राज्य संरक्षित स्मारकांसाठीच आहे. तुमची बारव असंरक्षित आणि नगर परिषदेच्या जागेत असल्यास देखभालीचा ठराव सर्वसाधारण सभेत मंजूर करून घ्या. तोंडी आश्वासन नगराध्यक्ष बदलला की हवेत विरते.

उत्तर (सेलू)
आमच्या तालुक्यातील वालूरची चक्राकार बारव गावकऱ्यांनीच गाळ उपसून मोकळी केली. खालच्या पायऱ्यांजवळ मात्र जेसीबी मुळीच नेऊ नका, कारण एका धक्क्याने चिरा (घडवलेला दगड) सरकतो आणि तो बसवणारा गवंडी आता सहज मिळत नाही. गाळात कोरीव दगड सापडल्यास जागेवरच फोटो काढून, नोंद करून ठेवा. पिंपळ ओढून उपटू नका. त्याची मुळे सांध्यांत शिरलेली असतात आणि सोबत दगड घेऊन येतात. तो टप्प्याटप्प्याने छाटून मुळे जाणकाराकडून मारून घ्यावीत. आणि कोणी उत्साहाने सिमेंट देऊ केले, तर नम्रपणे नकार द्या. सांधे लिंपले की झरे आत येण्याचा मार्गच बंद होतो.

उत्तर (छत्रपती संभाजीनगर, दुसरे सदस्य)
मला समितीपेक्षा पाण्याचा वापर महत्त्वाचा वाटतो. (समितीत पदाधिकारीच फार होतात, झाडू मारणारे कमी.) आमच्याकडे मलिक अंबरने सतराव्या शतकात बांधलेली नहर खापरी नळांतून शहरभर पाणी फिरवत असे, घरोघरी नळ आल्यावर तिच्याकडे लक्ष देणारे उरले नाहीत. याउलट, शहरातील खाम नदीच्या पुनरुज्जीवनाचे काम पुढे गेले, कारण त्यात महापालिका, छावणी परिषद, उद्योग आणि स्वयंसेवी संस्था एकत्र होत्या. तुम्ही बारवेचे पाणी तपासून निदान झाडांना, धुण्याला वापरा. ज्या घरांना त्याचा उपयोग होईल, त्यांच्याकडेच वेळापत्रक आणि किल्ली द्या. मूर्ती विसर्जनासाठी वेगळा हौद गणपतीआधीच ठेवा.

प्रश्नकर्ता
आभार. पुढील आठवड्यात मिळकत पत्रिकेसाठी अर्ज करतो. गाळाचे काम पावसाळ्याआधी, पाणी सर्वांत खाली असताना घेऊ.