थंडीत बियर्डेड ड्रॅगन खात नसेल तर

डिसेंबर लागल्यापासून तुमचा बियर्डेड ड्रॅगन (पाळीव सरडा) खात नाही म्हणून तुम्ही त्याला तोंड उघडून किडे भरवताय, असं लिहिलंय. कृपया ते आजच थांबवा. नाशिकच्या थंडीत पारा १० अंशांच्या खाली जातो. अंग तापलं नाही तर पोटातलं अन्न पचत नाही, आतच सडतं.

आधी टाकीतल्या दिव्याखालच्या दगडावर डिजिटल थर्मामीटरचा प्रोब (वायरच्या टोकाचा सेन्सर) टेकवून तापमान बघा. काचेवर चिकटवायचा गोल काटा इथे कामाचा नाही, तो फार तर हवेचं तापमान सांगतो. दगडावर ३८ ते ४२ अंश हवेत, टाकीच्या दुसऱ्या टोकाला २५ ते २८, रात्री १८च्या खाली नको. रात्री लाल बल्ब लावू नका. सिरॅमिक हीटर लावा, तोही थर्मोस्टॅटवरच (ठरलेल्या तापमानाला आपोआप चालू-बंद करणारं यंत्र).

खिडकीतलं ऊन हिशेबात धरू नका, काच यूव्हीबी म्हणजे उन्हातले अतिनील किरण अडवते. यूव्हीबी देणारी टी५ ट्यूब दरवर्षी बदला. उजेड तसाच दिसतो, यूव्हीबी मात्र उतरलेलं असतं. मग कॅल्शियम अंगी लागत नाही, जबडा मऊ पडतो, बोटं थरथरतात.

पालक रोज नको, त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम बांधून ठेवतं. शेवग्याचा पाला, लाल भोपळ्याचा कीस उत्तम. द्राक्षं घरात असली तरी टाळा: साखर जास्त, वर फवारणी.

वर्षावरचा धडधाकट ड्रॅगन थंडीत आठवडेच्या आठवडे झोपूही शकतो. पाणी ठेवा, दर आठवड्याला स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर वजन करा. दहावा हिस्सा घटलं तर ताजी विष्ठा घेऊन सरपटणारे प्राणी तपासणाऱ्या डॉक्टरांकडे जा. पिल्लू असेल तर तेवढंही थांबू नका.