चर्चा धागा: प्रसाद नाकारला, तर श्रद्धेचा अपमान होतो का?

पंचगंगाकाठ

गणपतीत आमच्या पेठेत एका शेजाऱ्यानं हात जोडून प्रसाद नको म्हटलं आणि मंडळात दोन दिवस तोच विषय. 'एवढं कसलं वावडं? देव काय वेगवेगळे असतात?' शेजारी बौद्ध आहेत. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत गौरी-गणपतीला देव मानणार नाही, उपासना करणार नाही, अशी प्रतिज्ञा आहे. ती पाळणाऱ्या माणसानं काय करावं अशी आपली अपेक्षा आहे?

'सगळे देव एकच' हे आपण मोठ्या मनानं म्हणतो, पण ते म्हणताना समोरच्याचं ऐकून घ्यायचं राहून जातं. जैन दर्शनात जग निर्माण करणारा ईश्वरच नाही. लिंगायतांचं इष्टलिंग अंगावर असतं आणि माणूस गेला की दहन न करता दफन करतात. बुद्धानं कायमचा आत्मा नाकारला. इस्लाममध्ये अल्लाहच्या बरोबरीनं कुणाला मानणं सर्वांत मोठं पाप. ही माणसं वेगवेगळं सांगतायत. तो वेगळेपणा कळल्यावरही शेजार टिकला, तर त्याला मी सहिष्णुता म्हणेन.

कुरुंदवाडकर

भावा, मला हे पटत न्हाई. पोथ्या वाचून कुठं सलोखा होतोय? आमच्या कुरुंदवाडात मोहरम आणि गणेशोत्सव एकत्र आले की मशिदीत गणपती बसतो, एका छताखाली मोहरमचे पंजे (हाताच्या आकाराची निशाणं) आणि गणपती. हिजरी वर्ष साधारण अकरा दिवसांनी लहान, म्हणून हा योग तीसेक वर्षांनी येतो आणि आला की दोन-तीन वर्षं सलग. २०१८, २०१९ ला आला होता. तिथं आरतीला उभ्या राहिलेल्या कुणी 'तुमचं तत्त्वज्ञान काय' असं विचारलं न्हाई. आमच्या घरात आजोबापासून मोहरमला फकीर होत्यात, चोंगे, मलिदा करत्यात. फरक उगाळत बसलं की माणसं लांब जात्यात. हातावर पेढा ठेवला तर तोंडात टाकावा, एवढी साधी गोष्ट हाय.

शनिवार पेठ

+१. कोल्हापुरात बाबूजमाल दर्ग्याच्या चौकटीवर गणपती कोरलेला आहे. आणखी काय पुरावा पाहिजे?

नालबंद

मी मुसलमान आहे, म्हणून थोडं लिहितो. माझे चुलते पंजे बसवतात, मोहरमच्या खत्तलरात्री जागतात. माझे वडील हे मानत नाहीत, त्यांच्या मते धर्मात याला आधार नाही. दोघं एकाच दस्तरखानावर जेवतात. आता कुरुंदवाडकर, तुमच्या गावाचा मला अभिमान आहे, मनापासून. पण त्या गावाचं उदाहरण देऊन लोक मला विचारतात, 'तिथले चालवून घेतात, मग तू आरतीला का येत नाहीस?' त्यांच्या प्रेमाची अट माझ्यावर का? मी मंडळाची मिरवणूक आली की पाणी वाटतो. हात जोडत नाही. माझ्या वडिलांना कुणी यासाठी कट्टर म्हटलेलं मला सहन होत नाही.

कुरुंदवाडकर

तुम्हाला कोण म्हणालं तसं? तसं म्हणणारा चुकीचाच. पण नालबंद, २०२३ च्या जूनमध्ये कोल्हापुरात मोबाइलवरच्या एका स्टेटसवरनं दगडफेक झाली. तवा गल्ल्या शांत ठेवायला धावले ते एकमेकांच्या सणात बसणारेच. माझी भीती एवढीच, की न येणं वाढलं तर ओळखच राहायची न्हाई.

विवेकी_बिंदू चौक

तुम्ही दोघं फक्त श्रद्धावानांबद्दल बोलताय. ज्याची कशावरच श्रद्धा नाही, त्याला कुठं बसवणार? याच शहरात १६ फेब्रुवारी २०१५ ला विवेकवादी नेते गोविंद पानसरेंवर गोळ्या झाडल्या, चार दिवसांनी ते गेले. आणि 'समजून घ्या' म्हणता म्हणता प्रश्न विचारणं बंद करायचं का? जैनांच्या सल्लेखना व्रताचंच घ्या. अन्नपाणी सोडून मरण. ऑगस्ट २०१५ मध्ये राजस्थान उच्च न्यायालयानं ती बेकायदा ठरवली. सर्वोच्च न्यायालयानं त्याच महिन्यात स्थगिती दिली म्हणून माझा प्रश्न संपत नाही. म्हातारं माणूस घरच्यांच्या भक्तीखाली दबून 'हो' म्हणत असेल तर?

हातकणंगले_पाटील

प्रश्न जरूर विचारा, पण आधी आमच्यात ती कशी मानतात ते ऐका. शरीर धर्म पाळायला साथ देईनासं झालं, की गुरूंच्या अनुज्ञेनं आहार टप्प्याटप्प्यानं कमी करायचा. तत्त्वार्थसूत्र या आमच्या ग्रंथात तिचे पाच दोष सांगितलेत. जगण्याची इच्छा हा पहिला दोष, आणि मरण लवकर यावं ही इच्छा दुसरा. आत्महत्या करणाऱ्याला मरण हवं असतं. इथं ते हवंसं वाटलं तरी व्रत डागाळतं. घरच्यांच्या दबावाची तुमची शंका मात्र खरी आहे. तिचं उत्तर आम्हीच द्यायला हवं, आणि मी ते समाजात बोलून दाखवतो.

प्रसादाबद्दल: आमच्या गावात कंदुरीला, म्हणजे पिराच्या नावानं घातलेल्या जेवणाला, आम्हाला बोलावणं असतं. मटणाची पंगत बसते, आम्ही शेजारी बसून गप्पा मारतो, नारळ घेऊन घरी येतो. कुणी ताट पुढं करत नाही, कुणी रुसत नाही.

विवेकी_बिंदू चौक

दोषांचं हे मला माहीत नव्हतं. आक्षेप तरीही ठेवतो, पण यापुढं तिला सरळ आत्महत्या म्हणणार नाही.

पंचगंगाकाठ

विवेकींचा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. शाहू महाराजांनी सत्यशोधक समाजाला बळ दिलं आणि आर्य समाजालाही. एकाला वेदांचा अधिकारच मान्य नाही, दुसऱ्याला वेद सर्वोच्च. त्यांच्या काळातली विद्यार्थ्यांची वसतिगृहं बघा: जैन बोर्डिंग १९०१ चं, मुस्लिम बोर्डिंग १९०६ चं. कुणाला 'आधी सगळे एक व्हा, मग खोली देतो' असं सांगितलं नाही. आणि वेदोक्ताच्या वादात, म्हणजे त्यांचे विधी वेदमंत्रांनी करायला पुरोहितांनी नकार दिला तेव्हा, जिथं श्रद्धेच्या नावाखाली माणसाला कमी लेखलं जात होतं, तिथं ते गप्पही बसले नाहीत. माझी रेघ तिथं आहे. प्रसाद नाकारणाऱ्यानं कुणाला कमी लेखलेलं नाही.

शनिवार पेठ

ठीक आहे, पण मंडळातल्या पोरांना हे कोण सांगणार?

कुरुंदवाडकर

मी सांगतो आमच्या मंडळात. पुढच्या बैठकीत मांडतो, की प्रसाद दारात नेऊन द्यायचा, नको म्हटलं तर पुन्हा विचारायचं न्हाई आणि त्या घराचं नाव जेवणाच्या पंगतीतनं कमी करायचं न्हाई. पण पेढा घेऊन मी दरवर्षी जाणारच, ते मात्र सोडणार न्हाई.

नालबंद

या. चहा घेऊनच जायचं.